मे महिन्यात भांडुपहून एका दिवसात घाटात जाऊन यायचंय, दादाला गारवा दाखवायचाय

भांडुपचा_बाळ्या

नमस्कार मंडळी. प्रश्न लहान आहे, पार्श्वभूमी लांब आहे. सांभाळून घ्या.

माझा थोरला भाऊ नऊ वर्षं कुवेतला आहे, बांधकामाच्या साइटवर. एरवी गणपतीत येतो, यंदा पहिल्यांदाच मे महिन्यात सुट्टी मिळाली. विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि म्हणाला, "अरे, हे तर तिकडच्यापेक्षा वाईट." मला हसू आलं. तिकडे उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो आणि इथे माझा मोबाइल चौतीस दाखवतोय. पण आता चार दिवस झाले, माणूस पंख्याखाली बसून बनियन पिळतोय. रात्री दोनला बघावं तर गॅलरीत उभा.

त्याला डोंगर बघायचाय. कुवेत सपाट, नजर जाईल तिथवर वाळू. तिकडे उन्हाळ्यात ११ ते ४ उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते, जून ते ऑगस्ट, तेव्हा हे लोक कंटेनरच्या खोलीत एसी लावून पडतात. काल जेवताना म्हणाला, "एसीची नको, खरी थंडी वाजली पाहिजे. सदरा अंगावर ओढून घ्यावासा वाटला पाहिजे. एकदा तेवढं झालं की मी गप परत जातो."

गाडी युनिकॉर्न १५०, २०१४ ची, ४८ हजार किलोमीटर झालेत. मार्चमध्ये सर्व्हिसिंग केलंय. मी सत्तर किलो, दादा पंच्याऐंशी. एकच रविवार हातात आहे आणि सोमवारी माझी पहिली पाळी, त्यामुळे मुक्काम नाही. आई म्हणते, "उन्हात कुठे मरायला जाताय दोघं?"

डोक्यात लोणावळा, माळशेज आणि भंडारदरा आहे. बेत असा की नाश्ता करून आठला निघायचं, दुपार वर काढायची, तीन-चारला उतरायला लागायचं. कुठे जाऊ? आणि बेत ठीक आहे का?

चहाटपरी

लोणावळा आधी खोड. एक्सप्रेसवेवर आपल्याला बंदी, म्हणजे जुन्या रस्त्याने खोपोली आणि बोरघाट. मेमधल्या रविवारी तिथे गारवा मिळत नाही, गाड्यांचा धूर मिळतो.

तसंही आपल्याला सी लिंकवर बंदी, कोस्टल रोडवर बंदी, ईस्टर्न फ्रीवेवर बंदी, अटल सेतूवर बंदी, समृद्धीवर बंदी. दुचाकीवाल्याने आता उडायला शिकावं.

किकमारके

बाळ्या, मी मुलुंडला राहतो. वय एकोणसाठ. एकतीस वर्षं छापखान्यात रात्रपाळी केली, त्यामुळे पहाटे साडेतीन ही माझ्या लेखी संध्याकाळच. माळशेज मी किती वेळा केलाय ते मोजलं नाही, पण तीनदा चुकीच्या वेळी केलाय, ते मोजलंय.

तुझा बेत उलटा आहे. जागा कुठलीही निवड, आठला निघून चारला खाली येणार म्हणजे दोन्ही वेळा भट्टीच्या तोंडातून जाणार. मुंबईत चौतीसच का दाखवतं ते लक्षात घे. दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि पारा अडवून धरतो. आपण चिकचिकतो, पण पारा वर जात नाही. ज्या दिवशी जमिनीवरचा पूर्वेचा वारा जोर धरतो आणि समुद्राचा वारा यायला दुपार उलटते, त्या दिवशी मुंबईही भाजून निघते. १९५२ च्या एप्रिलमध्ये सांताक्रूझला ४२.२ झालं होतं. आता कल्याणच्या पुढे जा. बदलापूर, कर्जत, मुरबाड हा घाटाच्या पायथ्याचा सगळा पट्टा समुद्रापासून लांब. तिथे वारा पोचेपर्यंत दमलेला असतो. मार्च-एप्रिल-मेमध्ये तिथे चाळीस ही नवलाईची गोष्ट नाही. म्हणजे गारव्याला निघालेल्या मुंबईकराला आधी मुंबईपेक्षा तापलेला पट्टा ओलांडावा लागतो. हे कुणी सांगत नाही, कारण घाटाचे फोटो सगळे टाकतात, मुरबाडचा फोटो कोण टाकणार?

आता उंचीचा हिशोब. हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा डिग्री उतरतात. माळशेजचा माथा सातशेच्या आसपास, म्हणजे साडेचार-पाच डिग्री. मुरबाडला चाळीस असेल तर वर पस्तीस. घरच्यापेक्षा एक डिग्री जास्तच झाली की! फरक इतकाच की वर घाम वाळतो. आणि घाट चढून ओतूरकडे उतरलास तर पठार लागतं, तिथे परत चाळिशी. तेव्हा "पुढे जरा बघून येऊ" हा मोह आवर.

माझी गोष्ट सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मेहुण्याला घेऊन असाच आठला निघालो. मुरबाडला मिसळ खाल्ली, जड झालो, साडेअकराला टोकावड्याला. वर दोन तास काढले आणि तीनला उतरायला लागलो, कारण मेहुण्याला संध्याकाळी कुणाच्या तरी साखरपुड्याला जायचं होतं. माझा मेहुणा म्हणजे बडबडीचा नळ. मागे बसला की हेल्मेटमधूनही बोलतो, जमिनीचे भाव, सोसायटीचं राजकारण, सगळं. वैशाखऱ्याच्या पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं की बराच वेळ तो बोललेला नाही. मला आधी बरं वाटलं, हे कबूल करतो. मग मी विचारलं, "काय रे, झोपलास का?" उत्तर आलं ते भलतंच, "बस कधी येणार?" म्हणून. गाडी बाजूला घेतली. माणूस लाल झालेला आणि अंगावर घामाचा टिपूस नाही. आंब्याखाली आडवा केला. शेजारच्या घरातल्या आजीबाईंनी कळशीभर पाणी आणलं, ते मानेवर, काखेत, डोक्यावर ओतलं आणि सुपाने वारा घातला. अर्ध्या तासाने शुद्धीत बोलायला लागला. साखरपुडा बुडाला. त्याची बायको, म्हणजे माझी बहीण, अजून त्यावरून ऐकवते.

त्या दिवसापासून माझा नियम हा की उन्हाळ्यात घाटात जाण्याची वेळ नाही, परतण्याची वेळ आधी ठरवायची. आणि मजा बघ, हा नियम तुझ्या भावाला पाठ आहे. कुवेतच्या वाळवंटात ११ ते ४ माणूस उघड्यावर ठेवत नाहीत, मग आपण रविवारी हौसेने हेल्मेट घालून का तळून घ्यायचं? तोच नियम लाव. अकराच्या आत गाडी सावलीत आणि साडेपाचशिवाय चावी हातात नाही.

रस्ता असा. पावणेचारला भांडुप सोड. माजिवड्याहून नाशिक हायवे, रांजनोली नाका, कोन, दुर्गाडी पूल, कल्याण, शहाड. ट्रक असतील, त्यांना ओव्हरटेक करायची घाई करू नकोस. मग म्हारळ, वरप, कांबा. रायते पुलावर उल्हास नदीची गार झुळूक पहिल्यांदा लागेल, तिथे दादाला नुसतं "बघ" म्हण. मुरबाड उजाडायच्या आत मागे पडलं पाहिजे. तिथे मिसळीला थांबू नकोस, मी थांबलोय आमच्या दोघांच्या वाटचा. सव्वासहाच्या सुमाराला घाटात असशील, तेव्हाच सूर्य वर येत असेल. थंडी मिळाली तर ती तेव्हाच. दुपारी नाही.

मेमध्ये धबधबे शोधू नकोस, नुसते काळे कातळ असतात. माथ्यावर सावली कमीच. त्यामुळे खुबी फाट्यावरून खिरेश्वरला आत जा, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं गाव. घरगुती जेवणाची सोय होते, आदल्या दिवशी फोन करून सांग. नागेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, भर दुपारीही आतली फरशी गार. देवळात लोळत पडू नका, पण टेकून बसायला कुणी हरकत घेणार नाही. पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी समोर दिसेल. पोहायला उतरू नका.

गाडीचं थोडक्यात. दोघं मिळून दीडशेच्या वर किलो, तेव्हा मागच्या टायरची हवा दोघांसाठीच्या आकड्याची, आदल्या रात्री गाडी थंड असताना भर. वाटेत टायर गरम लागला म्हणून हवा सोडू नकोस, गार झाल्यावर तो कमी हवेचा टायर होतो आणि आणखी तापतो. टाकी गळ्यापर्यंत भरू नकोस, उन्हात पेट्रोल फुगतं. चढाला इंजिन गुरगुरायला लागलं की लगेच खालचा गिअर, ओढत नेऊ नकोस. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलास त्यातच उतर. न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणारे शहाणे बघितलेत मी, ब्रेकचा वास आला की त्यांचं शहाणपण उतरतं.

भांडुपचा_बाळ्या

काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "यांच्या बहिणीचं बरोबर आहे." दादाही ऐकत होता. ११ ते ४ चं ऐकून तो म्हणाला की नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी साइटवरचा नियम घरी वापरला.

तर माळशेज नक्की. एक शंका आहे. दादा म्हणतो तिकडे सगळे अंगभर कपडे घालतात, तोंडाला फडकं, हातात मोजे. मी म्हणतो टी-शर्ट घालू, वारा लागेल. कोण बरोबर?

पाली_रिटर्न

भाऊ बरोबर, तुम्ही चूक. माझी नोकरी तीन वर्षं पालीला होती. आपलं अष्टविनायकाचं पाली नव्हे, राजस्थानातलं. मे २०१६ मध्ये तिकडे फलोदीला ५१ झालं, तेव्हा मी तिथेच होतो. ऑफिसच्या बाथरूममध्ये गार पाण्याचा नळ सोडला तरी चहाचं पाणी यायचं.

त्या उन्हाळ्यात आम्ही तिघं बुलेटवरून माउंट अबूला जायचो. पहाटे चारला निघायचं, सुमेरपूर, पिंडवाडा, आबू रोड, आणि मग वरचा घाट. नक्की तलावाशी पोचलं की खरंच सुटल्यासारखं वाटायचं, अबू बाराशे मीटरवर आहे. गुरुशिखर तर १७२२ मीटर, कळसूबाईपेक्षाही उंच.

पहिल्या खेपेला मी मुंबईकराच्या अकलेने टी-शर्ट घालून निघालो. परतताना तिथला सहकारी मला म्हणाला, "भाईसाब, ये हवा नहीं, तवा है." त्वचेचं तापमान पस्तीसच्या आसपास असतं. हवा त्यापेक्षा गार असेल तर वारा उष्णता काढून नेतो. हवा बेचाळीस झाली की तोच वारा उष्णता अंगात भरतो, आणि जितका वेग जास्त तितकी जास्त. म्हणून तिथला माणूस उन्हात स्वतःला गुंडाळून घेतो. पांढरं सुती, सैल, पूर्ण बाह्यांचं. गळ्याला ओलं उपरणं बांधलं की कोरड्या हवेत ते पाणी उडतं आणि मान गार राहते. बाटलीही फडक्यात गुंडाळून ओली करायची, मडक्याचंच तत्त्व.

आता तुमच्या भावाला भांडुप कुवेतपेक्षा वाईट का वाटलं, तेही यातच आलं. कुवेतला घाम आल्या आल्या उडतो, म्हणून कळत नाही. आपल्याकडे हवाच पाण्याने भरलेली, घामाला जायला जागा नाही, तो अंगावरच बसतो. चौतीसला बनियन पिळावं लागतं ते यामुळे. म्हणून ओलं उपरणं भांडुपला बांधलंत तर नुसती चिकचिक होईल. घाटावर बांधा, उपयोग होईल. आणि कोरड्यात घाम दिसत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं. तहान लागायच्या आधी प्या.

पूर्ण बाह्यांचा सदरा न्या दोघंही. पहाटे थंडीला, संध्याकाळी उन्हाला.

माथेरानवेडी

मी निवृत्त परिचारिका, म्हणून आधी किकमारकेंच्या मेहुण्याबद्दल. घाम थांबणं आणि असंबद्ध बोलणं हा नुसता थकवा नाही, उष्माघात आहे. आजीबाईंनी जे केलं ते अगदी योग्य, पण त्यानंतर दवाखान्यात न्यायला हवं होतं. १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत गार पाणी ओतत राहायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जातं. वाटेत प्यायला एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, किंवा मेडिकलमधून पुड्या आणा. थर्मासमध्ये ताकही न्या. शीतपेयाच्या बाटल्यांवर भिस्त ठेवू नका.

दुसरं म्हणजे, माथेरानला कुणीच का मत दिलं नाही? उंची आठशे मीटर, माळशेजपेक्षा थोडी जास्तच, आणि सावली! भर दुपारी झाडांखालून तीन तास चाला, टोपीची गरज पडत नाही. मोटारींना बंदी, गाडी दस्तुरीला लावायची आणि बाजारापर्यंत अडीचेक किलोमीटर तांबड्या मातीतून चालत जायचं. मिनी ट्रेन १९०७ पासून आहे. लहानपणी आम्ही नेरळहून तिच्यानेच जायचो आणि डोळ्यात कोळसा जायचा.

किकमारके

ताई, दवाखान्याचं मान्य. बहिणीला हे दाखवत नाही, आणखी ऐकावं लागेल.

माथेरानची सावली मीही मानतो. पण बाळ्याच्या दादाला पाय मोकळे नाही, रस्ता मोकळा पाहिजे असं मला वाटतं. नऊ वर्षं सपाटीवर काढलेल्या माणसाला वळणं दिसू देत. शिवाय नेरळचा घाट लहान पण खडा, आणि रविवारी सकाळी दस्तुरीच्या अलीकडे रांग लागली की क्लच धरून उभं राहायचं. दीडशे किलो घेऊन त्या चढावर अर्धक्लचमध्ये उभं राहिलं की प्लेटा जळतात. आडवारी जायचं असतं तर मी ताईंच्या बाजूने होतो.

भांडुपचा_बाळ्या

मंडळी, काल जाऊन आलो.

पावणेचार ठरलं होतं, निघेपर्यंत चार वाजून दहा मिनिटं झाली, कारण आईने दशम्या बांधल्या आणि दादा मोजे शोधत होता. कल्याणपर्यंत दोघांचे सदरे पाठीला चिकटलेले. रायते पुलावर मी काही बोललो नाही, दादानेच मागून खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "लागला, लागला." मुरबाड अंधारातच ओलांडलं.

घाटात साडेसहाला पोचलो. बोगद्याच्या अलीकडे दरीच्या बाजूला थोडं धुकं होतं, फार नाही. दादा म्हणाला थांब. मला वाटलं फोटो काढायचाय. उतरला, पिशवीतून पूर्ण बाह्यांचा सदरा काढला, टी-शर्टवरून घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि कठड्याला टेकून पाच-सात मिनिटं नुसता उभा राहिला. माकडाने तेवढ्यात एक दशमी पळवली. मी काही विचारलं नाही. अंगावर काटा होता त्याच्या, मी बघितला.

खिरेश्वरला जेवण अप्रतिम. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, आणि वर करवंदं. घरच्या मावशींनी दादाला विचारलं, "आपण कुठले?" तर म्हणाला, "आत्ता तरी इथलाच." मग देवळाजवळ सावलीत दोन तास घोरला. दुपारी ऊन भाजणारंच होतं, काकांचा हिशोब बरोबर निघाला, पण घाम खरंच वाळत होता. ओल्या उपरण्याचा प्रयोगही केला. चालतो. दीड वाजता मला उगाच वाटलं की आता निघावं, कंटाळा येतोय. दादाने गाडीची चावी स्वतःच्या खिशात टाकली आणि म्हणाला, "साइट बंद आहे."

पावणेसहाला निघालो. मुरबाडच्या अलीकडे उन्हं कलती होती तरी रस्त्यातून वाफ येत होती. दुपारी तीनला ते काय असेल, ते कळलं.

किकमारके

रायते पुलावर किती वाजता आलात?

भांडुपचा_बाळ्या

साडेसातला, काका. दिवे लागले होते.

किकमारके

मग ठीक. चेन पूस आणि तेल दे, टोकावड्याची धूळ बसली असेल.